हातचं न सोडता

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे वाक्य आपण प्रत्येकाने घरात कधी ना कधी ऐकलेलं असतं. माझ्या वडिलांनी मला ते निदान पन्नास वेळा ऐकवलं असेल. पण हातचं न सोडता पळत्यावर नजर ठेवावी की नाही, याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. नोकरीत असताना दुसरी नोकरी शोधणं म्हणजे नेमकं हेच. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

मी कुणी मोठा तज्ज्ञ नव्हे. काही लहान कारखान्यांची पगारपत्रकं आणि प्रॉव्हिडंट फंडाची कामं मी पाहतो. या कामात अधूनमधून एखादा तरुण जवळ येतो, इकडेतिकडे बघतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "काका, दुसरीकडे बघतोय. पण इथे कुणाला कळता कामा नये." त्या दबक्या आवाजाची आणि माझी जुनी ओळख आहे. २००४ साली तो आवाज माझा होता.

तेव्हा मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात अकाउंट्समध्ये होतो. बी. कॉम. झाल्यावर १९९३ साली लागलो आणि अकरा वर्षं त्याच टेबलावर बसलो. व्हाउचर, जकातीच्या पावत्या, रोजकीर्द, खतावणी. सगळं हाताने. पगार सहा हजार दोनशे. घराच्या कर्जाचा हप्ता एकोणीसशे. मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. माझ्या वरच्या जागी आमचे अण्णा. वय सत्तावन्न, बावीस वर्षांची नोकरी. मला हिशेबातलं जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं. चुकलो तर सगळ्यांसमोर कधी बोलले नाहीत. संध्याकाळी बसस्टॉपवर चालताना सांगायचे, "अरे, ती सतरा तारखेची नोंद एकदा बघ."

मग मी दुसरीकडे का बघायला लागलो? लोक विचारतात तेव्हा आपण चटकन 'पगार' असं उत्तर देतो. मीही तेच म्हणायचो. पण खरं कारण वेगळं होतं. व्हॅट येणार येणार म्हणून सगळीकडे चर्चा होती आणि तो १ एप्रिल २००५ पासून आपल्या राज्यात लागू झालाही. आसपासच्या कारखान्यांत टॅली आलं होतं. आमच्याकडे मात्र लाल पुठ्ठ्याच्या वह्याच. मला वाटायला लागलं, या वह्यांबरोबर मीही एक दिवस कपाटात जाणार.

तीन महिने मी चोरून नोकरी शोधली. रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिराती पेन्सिलीने खुणा करून ठेवायच्या, रात्री अर्ज लिहायचे, सकाळी पोस्टात टाकायचे. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे. त्यामुळे पुण्यातल्या एका ऑफिसातली मुलाखत रजा न घेता जमली. तिथे पहिलाच प्रश्न आला, "टॅली येतं का?" मी म्हटलं, "शिकून घेईन." समोरचे गृहस्थ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त कागद बाजूला ठेवला. त्या एका मिनिटात मला जे कळलं ते अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात मी संध्याकाळचा टॅलीचा क्लास लावला. नोकरी शोधण्याचा हा पहिला फायदा. नोकरी मिळो न मिळो, बाजारात आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

दुसरी मुलाखत आमच्याच वसाहतीत होती. त्यांचीही सुट्टी गुरुवारीच. म्हणजे मला रजा काढणं भाग होतं. आणि इथे मी पहिलं खोटं बोललो. अण्णांना सांगितलं, सातारची मावशी आजारी आहे, दवाखान्यात ठेवलंय. वास्तविक मावशी त्या दिवशी ठणठणीत होती. मुलाखतीसाठी पगाराचं प्रमाणपत्र लागायचं, ते अण्णाच देत. त्यांना म्हटलं, बँकेत कर्जासाठी हवंय. महिन्याभरात दुसरं प्रमाणपत्र मागितलं तेव्हाही बँकेचंच नाव पुढे केलं.

खोटं बोलताना मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते नंतर. रजेच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी मावशीची चौकशी केली. चार दिवसांनी पुन्हा केली. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. आत दोन हजार रुपये होते. म्हणाले, "दवाखान्याचा खर्च सांगून येत नाही. असू दे." मी ते पाकीट परत केलं, पण त्या दिवशी डबा काही घशाखाली उतरला नाही.

अशातच एक जाहिरात दिसली. पुणे परिसरातल्या एका इंजिनीअरिंग कारखान्याला अनुभवी लेखापाल हवा होता. टॅलीचं ज्ञान आवश्यक, स्वहस्ताक्षरात अर्ज करावा. खाली कंपनीचं नाव नव्हतं, फक्त बॉक्स नंबर. आजच्या तरुण श्रोत्यांना हा प्रकार ठाऊक नसेल. ज्या मालकाला आपलं नाव उघड करायचं नसे, तो पेपरच्या कार्यालयाचा बॉक्स नंबर देई. अर्ज पेपरकडे जात आणि तिथून मालकाकडे. अर्ज करणाऱ्याचं नाव, गाव, पगार सगळं उघडं. ज्याच्याकडे अर्ज केला तो मात्र पडद्याआड. मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला आणि पाठवून दिला.

साधारण तीन आठवड्यांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझा अर्ज होता. साहेब म्हणाले, "बसा. हे अक्षर तुमचंच ना?"

श्रोतेहो, माझ्या पायातलं बळ गेलं. मी माझ्याच कारखान्यात अर्ज केला होता.

"किती दिवस चाललंय हे?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "तीन महिने." ते म्हणाले, "मला सांगायचं होतं." त्या क्षणी कुठून धीर आला कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, ही जाहिरात कुणाच्या जागेसाठी आहे?"

आता गप्प राहण्याची पाळी साहेबांची होती. अकाउंट्समध्ये आम्ही दोघंच. जाहिरात अण्णांच्या जागेसाठी होती. आठ महिन्यांनी ते अठ्ठावन्नचे होणार होते. मुलाचं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष होतं, तेव्हा दोन वर्षं मुदत वाढवून मिळेल अशी त्यांना आशा होती. साहेबांना ती द्यायची नव्हती. व्हॅट येणार, संगणक घ्यावे लागणार, आणि अण्णा संगणकाला हात लावायला तयार नव्हते. मी विचारलं, "अण्णांना माहीत आहे?" साहेब म्हणाले, "नाही. बावीस वर्षं झाली. सांगायला जीभ रेटत नाही."

म्हणजे बघा, मी लपून नोकरी शोधत होतो आणि साहेब लपून माणूस शोधत होते. मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनी अण्णांना सांगितलं नव्हतं. दोघांनाही आपापली कारणं होती आणि दोघांनाही आपण फारसं काही वावगं करतोय असं वाटत नव्हतं.

साहेबांनी मला अण्णांची जागा देऊ केली. पगार साडेआठ हजार. अट एकच, मार्चचे हिशेब पुरे होईपर्यंत अण्णांना काही कळू द्यायचं नाही. मी दोन दिवस मागून घेतले. घरी सांगितलं तेव्हा पत्नी म्हणाली, "जागा घ्या. पण त्यांच्या पाठीमागून घेऊ नका. उद्या ते समोर आले तर काय बोलणार तुम्ही?"

तिसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, "जागा घेतो. पण आधी तुम्ही अण्णांना सांगा. त्यांच्या शेजारी बसून सहा महिने गप्प राहणं मला जमणार नाही." साहेब संतापले. "अटी घालायला लागलात?" एवढंच बोलले. पुढचे चार दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते चार दिवस मी विसरलेलो नाही. हातात दुसरीकडचं पत्र नव्हतं, हप्त्याची तारीख जवळ आली होती, आणि चोरी तर उघडी पडलेली होती. हातचंही जाणार आणि पळतंही, असं वाटत होतं.

शनिवारी साहेबांनी आम्हा दोघांना एकत्र बोलावलं आणि अडखळत अडखळत सगळं सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, त्या जाहिरातीचं एजन्सीचं बिल माझ्याकडेच आलं होतं. सोबत कात्रण जोडलेलं होतं. मीच पास केलं. महिना होत आला."

केबिनमध्ये बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आपल्याच जागेवर माणूस हवा असल्याच्या जाहिरातीचं बिल तपासून, रोजकीर्दीत नोंद करून, अण्णा महिनाभर रोज वेळेवर कामाला येत होते.

पुढे साहेबांनी त्यांना निवृत्तीनंतर एक वर्ष अर्धा दिवस कामावर ठेवलं. जुनी येणी आणि विक्रीकराच्या जुन्या केसेस अण्णांइतक्या कुणालाच माहीत नव्हत्या. मुलाचं शेवटचं वर्ष त्यात निघालं. त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे बसस्टॉपवर चालत निघालो. मी काही बोलायच्या आत अण्णांनी विचारलं, "मावशी बरी आहे ना रे?" मी मान खाली घातली. ते म्हणाले, "एकाच महिन्यात एकाच माणसाला दोन बँका कर्ज देत नाहीत. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नोकरी बघतोस याचं मला काही वाटलं नाही. तुझं वय आहे. पण मावशीला कशाला मध्ये घेतलंस?"

मला आज जे सांगायचं आहे ते सगळं अण्णांच्या या एका वाक्यात आलं. नोकरीत असताना दुसरी नोकरी शोधण्यात गैर काही नाही. कुठला व्यवसाय, कुठली नोकरी करायची हे ठरवण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने नागरिकाला दिलेलं आहे. आपण शोधतो आहोत हे मालकाला सांगण्याचं बंधनही सहसा नसतं. पण न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. रजा हवी असेल तर 'घरचं काम आहे, एक दिवस रजा हवी' एवढं पुरतं. कुणी खोदून विचारलं तर 'खासगी आहे' म्हणावं. त्यासाठी आजी मारण्याची, मावशीला दवाखान्यात घालण्याची गरज नसते. पुढे २००९ साली माझी मावशी खरोखरच आजारी पडली. तेव्हा रजेच्या अर्जावर 'मावशी' हा शब्द लिहिताना माझा हात थांबला. नोकरी तोपर्यंत बदललेली होती, खोटं मात्र सोबत आलं होतं.

आता थोडं व्यवहाराचं बोलू. कारण मन साफ असूनही माणसं व्यवहारात फसतात.

पहिली गोष्ट, शोध आपल्या वेळेत आणि आपल्या साधनांनी करा. कंपनीच्या संगणकावर बायोडाटा टाइप करू नका, कंपनीच्या ई-मेलवरून पाठवू नका. बॉक्स नंबरचे दिवस गेले असले तरी त्याची जात गेलेली नाही. नोकरी डॉट कॉमसारख्या संकेतस्थळावर आपला बायोडाटा आपल्याच कंपनीला दिसू नये अशी सोय असते, ती वापरा. लिंक्डइनवर आपण नोकरी शोधत असल्याचं फक्त भरती करणाऱ्यांनाच दिसेल असं ठेवता येतं. पण तुमच्या कंपनीपासून ते शंभर टक्के लपेलच, अशी हमी ती कंपनी स्वतःही देत नाही. तेव्हा एक दिवस साहेबांनी बोलावलं तर काय सांगायचं, हे आधीच मनाशी ठरवून ठेवा. आणि निघताना गिऱ्हाइकांच्या याद्या, ड्रॉइंग, दरपत्रकं पेन ड्राइव्हवर घालून नेऊ नका. तो शोध नव्हे, ती चोरी.

इथे आणखी एक फरक सांगायला हवा. नोकरी शोधणं वेगळं आणि एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करणं वेगळं. विप्रो कंपनीच्या अध्यक्षांनी २०२२ साली जाहीर सांगितलं होतं की, स्पर्धक कंपन्यांसाठीही काम करताना आढळलेल्या तीनशे जणांना त्यांनी काढून टाकलं. एकाच महिन्यात दोन ठिकाणांहून प्रॉव्हिडंट फंड भरला गेला तर ते एकाच खात्यावर स्वच्छ दिसतं.

दुसरी गोष्ट, तोंडी शब्दावर राजीनामा देऊ नका. 'तुमचं झालंच समजा, सोमवारपासून या' असं ऐकून राजीनामा दिलेली आणि सोमवारी दाराशी थांबवलेली माणसं मी पाहिली आहेत. नेमणुकीचं पत्र हातात घ्या. त्यात पद, कामाचं ठिकाण, मूळ पगार, भत्ते आणि नोटिशीची मुदत वाचा. आणि नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो त्याच्याकडे नोकरी नसते, हे पक्कं लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट नोटिशीची. आपलं जुनं नेमणूकपत्र आपल्यातले बहुतेक जण पहिल्या दिवशी फाईलला लावतात आणि शेवटच्या दिवशी उघडतात. ते आधी उघडा. नोटीस एक महिन्याची आहे की तीन, मुदत पुरी न केल्यास किती पगार भरावा लागेल, काही बाँड आहे का, हे बघा. 'नोकरी सोडल्यावर याच धंद्यात दुसरीकडे काम करायचं नाही' अशी अट पुष्कळ ठिकाणी घातलेली असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाखाली अशी अट साधारणपणे टिकत नाही. पण म्हणून प्रत्येक बाँड कागदाचा तुकडा समजू नका. तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची पूर्वीच्या विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली योग्य ठरवली आहे. सही करण्याआधी वाचा. सही केली असेल तर सोडण्याआधी जाणकाराला विचारा.

चौथी गोष्ट, तारखांचा हिशेब. काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला. नोकरीला साडेचार वर्षं झालेली. दुसरीकडे महिन्याला दोन हजार जास्त मिळत होते, म्हणून त्याने राजीनामा देऊन टाकला होता. ग्रॅच्युइटीसाठी तेव्हा त्याला सलग पाच वर्षांची नोकरी हवी होती. हिशेब सोपा असतो. महिन्याचे दिवस सव्वीस धरायचे आणि नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार मोजायचा. त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून सव्वीस हजार होता. म्हणजे वर्षाला पंधरा हजार, पाच वर्षांचे पंचाहत्तर हजार. नव्या मालकाकडे सहा महिन्यांची मुदत मागायला हवी होती, निदान विचारायला तरी हवं होतं. ते त्याला सुचलंच नाही. दोन हजारांची वाढ मिळून पंचाहत्तर हजार भरून निघायला तीन वर्षांहून जास्त काळ लागणार. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एक वर्षाच्या नोकरीनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. कायम नोकरांना मात्र पाच वर्षांचाच नियम आहे. आपण कोणत्या प्रकारात बसतो, ते नेमणूकपत्रात बघा.

प्रॉव्हिडंट फंडाचंही तसंच. नोकरी बदलली की फंड काढून गाडी घ्यायची, अशी आमच्या वेळी पद्धतच होती. पूर्वी खातं नव्या कंपनीकडे वळवायला फॉर्म भरून महिनोन्‌महिने खेटे घालावे लागत. २०१४ पासून यूएएन हा बारा आकडी क्रमांक आला. नोकऱ्या कितीही बदलल्या तरी तो एकच राहतो आणि रक्कम वळवणं पुष्कळ सोपं झालं आहे. ती वळवा, काढू नका. सलग पाच वर्षं होण्याआधी फंड काढला तर सर्वसाधारणपणे त्यावर कर लागतो. शिवाय पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा मोजली जाते. मध्येच पेन्शनचे पैसे उचलले की आधीची वर्षं हिशेबातून जातात.

आणि करही विसरू नका. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर जुन्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या कंपनीला द्या. नाहीतर दोन्ही मालक आपापल्यापुरती करमाफीची मर्यादा धरतात, कर कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम पुढे उभी राहते.

शेवटची गोष्ट, राजीनामा दिल्यावर मालक पगार वाढवून 'थांबा' म्हणाला तर? माझ्या बाबतीत हे राजीनाम्याआधीच घडलं. मी थांबलो आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही, कारण मी ज्यासाठी निघालो होतो ते, म्हणजे नवं शिकायला, मला तिथेच मिळालं. कारखान्यात टॅली आलं, व्हॅटची पहिली विवरणपत्रं मी स्वतः भरली. पण तुम्ही निघाला असाल साहेबांच्या वागण्याला कंटाळून, आणि थांबलात दोन हजारांसाठी, तर दोन महिन्यांनी दोन हजारांची सवय होईल आणि साहेब तेच राहतील. म्हणून आपण का निघालो आहोत ते शोध सुरू करण्याआधीच एका कागदावर लिहून ठेवा. निर्णयाच्या दिवशी तो कागद काढून वाचा.

२००७ साली मी ती नोकरी सोडलीच. या वेळी मावशीला मध्ये घेतलं नाही. पत्र हातात पडल्यावर सर्वांत आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो, त्यांना तोंडी सांगितलं आणि मग राजीनामा दिला. दोन महिन्यांची नोटीस पुरी केली. कपाटाच्या किल्ल्या, चेकबुकं, येणी-देणी यांची यादी करून सही घेतली. माझ्या जागी आलेल्या मुलाला अण्णांच्याच पद्धतीने शिकवलं. साहेबांनी निरोपाला सगळ्यांना पेढे वाटले.

चार वर्षांनी माझ्या नव्या कंपनीने आपलं युनिट दुसऱ्या राज्यात हलवलं आणि चाळिशीला मी घरी बसलो. तेव्हा पहिला फोन मी जुन्या साहेबांना केला. त्यांनी नोकरी दिली नाही, पण म्हणाले, "पगारपत्रक आणि पीएफचं काम बाहेरून करून द्याल का? आणखी दोघातिघांना सांगतो." आज मी जे काम करतो ते असं सुरू झालं. आपण दार कसं लावून बाहेर पडतो, यावर ते पुन्हा उघडणार की नाही हे बरंचसं ठरतं.

मालक मंडळी हे ऐकत असतील तर त्यांनाही एक विनंती. आपला माणूस बाहेर बघतोय असं कळलं की लगेच बेइमानीचा शिक्का मारू नका. तुम्हीही कधी ना कधी बॉक्स नंबर दिलेला असतो. त्याला एकदा बोलावून विचारा, "इथे काय कमी पडतंय?" आणि ज्याला जायला सांगायचं आहे त्याला ते तोंडावर आणि वेळेत सांगा. बिलाला जोडलेल्या कात्रणातून त्याला ते कळू नये.

अण्णा आता ऐंशीला टेकले आहेत. दर दिवाळीला मी फराळ घेऊन जातो. अलीकडे त्यांना ऐकू कमी येतं, पण दारात मला पाहिलं की प्रश्न ठरलेला असतो, "मावशी बरी आहे ना रे?" मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. मी मात्र मोठ्याने सांगतो, "अण्णा, तेव्हाही बरीच होती."